सरावाची मिनिटे परत द्या: बदलत्या हवामानातील सराव-सत्रांच्या वेळापत्रकाबाबत मागणीपत्र

प्रति,
राष्ट्रीय मोटारसायकल शर्यतींचे संयोजक, प्रवर्तक आणि नियामक मंडळ

विषय: रेसच्या आठवड्यात पावसामुळे बुडणारी सराव-सत्रे, त्यांची भरपाई आणि वेळापत्रक बदलण्याची पद्धत

महोदय,

पाऊस आला की सराव रद्द होतो. रेस मात्र पावसातही होते. आमचे सगळे म्हणणे या एका विसंगतीतून निघाले आहे.

आम्ही म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेत उतरणारे महाराष्ट्रातले रायडर, त्यांचे मेकॅनिक आणि ज्यांची मुले अजून अठरा वर्षांची झालेली नाहीत असे पालक. राउंड बहुतेक दक्षिणेत असतात. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक, नाहीतर कोइम्बतूरचा २.१ किलोमीटरचा करी मोटर स्पीडवे. पुण्याहून चेन्नई अकराशे किलोमीटरच्या वर. बुधवारी रात्री टेम्पोत टूलबॉक्स, सुटे रिम, जनरेटर आणि अंथरुणे चढवून निघायचे, शुक्रवारी सराव, शनिवारी क्वालिफायिंग, मग शनिवार-रविवार रेस. एवढी पदरमोड करून एका रायडरच्या वाट्याला येणारा सराव मिनिटांतच मोजावा लागतो. दोन सत्रे मिळून चाळीस मिनिटे हाती लागली तर राउंड चांगला गेला म्हणायचे. त्यातली वीस पावसात गेली की अर्धा सराव गेला, आणि ती वीस मिनिटे आम्हाला आजवर कधी परत मिळालेली नाहीत.

एका राउंडमध्ये काय घडले ते सांगतो. ट्रॅकचे आणि आयोजकांचे नाव मुद्दाम घेत नाही, कारण तक्रार एका आयोजकाची नाही, सगळीकडे रुळलेल्या पद्धतीची आहे. आमच्यातल्या सतरा वर्षांच्या एका मुलाचा तो दुसराच राउंड होता. शुक्रवारी त्याच्या वर्गाची दोन्ही सत्रे दुपारी होती. पहिले कडक उन्हात पार पडले. दुसऱ्याच्या आधी आभाळ भरून आले, सर कोसळली आणि लाउडस्पीकरवरून सत्र रद्द झाल्याचे सांगण्यात आले. कारण सुरक्षितता. अर्ध्या तासात उघडीप झाली. ट्रॅक ओला होता, पण पाणी साचलेले नव्हते. ओल्यात शिकायला याहून चांगली वेळ मिळाली नसती. त्या वेळात पाहुण्यांच्या गाड्या ट्रॅकवर फिरवून आणल्या गेल्या.

शनिवार कोरडा गेला. रविवारी जेवणाच्या सुट्टीत पुन्हा पाऊस आला आणि वेट रेस जाहीर झाली. पॅडॉकमध्ये टायर बसवायचे मशीन एकच. त्याच्यापुढे रिमची रांग लागली, कोणी रिमवर नंबराची चिठ्ठी चिकटवली, कोणी रिमशेजारीच उकिडवे बसून राहिले. आमचा पुढचा टायर हातात आला तेव्हा पिट-एक्झिट उघडायला सात मिनिटे होती. चाक बसवून झाल्यावर मेकॅनिकने टायरच्या बाजूवरचा चिखल अंगठ्याने पुसला, मोबाइलचा टॉर्च धरला आणि त्याच्या तोंडचे पाणी पळाले. फिरण्याच्या दिशेचा बाण उलटा होता. वेट टायरची नक्षी एका दिशेने पाणी बाहेर फेकण्यासाठी कापलेली असते. उलटा बसलेला टायर ते काम नीट करत नाही. चाक उतरवले, पळत परत नेले, टायर पालटून आणला. मुलगा पिटलेनमधून, सगळ्यांच्या मागून सुटला. वेट टायरवर त्या ट्रॅकवरचा त्याचा तो पहिलाच लॅप होता. दुसऱ्या लॅपला रंगवलेल्या कर्बवर पुढचे चाक गेले. कॉलरबोन मोडले. अकराशे किलोमीटरचा परतीचा प्रवास त्याने टेम्पोत, हात गळ्यात बांधून केला.

मशीन चालवणाऱ्या माणसाला आम्ही दोष देत नाही. त्याच्यावर एका तासात अख्ख्या ग्रिडचे काम आले होते. शुक्रवारचे ओले सत्र झाले असते, तर मुलाचा वेट टायरचा सेट शुक्रवारीच बसला असता, बाण शुक्रवारीच तपासला गेला असता, आणि त्या कर्बवर काय होते हे त्याला कमी वेगात, आजूबाजूला गर्दी नसताना कळले असते.

ओल्या ट्रॅकवर रायडर नक्की काय शिकतो, हे मंडळातल्या जुन्या रायडरांना आम्ही सांगायला नको. तरी निर्णय घेणाऱ्या प्रत्येकाने ते डोळ्यांपुढे ठेवावे म्हणून लिहितो. पहिल्या सरीत डांबरात मुरलेले तेल आणि टायरची भुकटी वर येते. ती पहिली काही मिनिटे सर्वांत निसरडी. पाऊस लागून राहिला की तो थर धुऊन जातो आणि पकड उलट थोडी सुधारते. मग ट्रॅक सुकायला लागतो, रेसिंग लाइनवर हातभर रुंदीची कोरडी पट्टी उमटते, आणि त्या पट्टीवर वेट टायरचे मऊ रबर काही लॅपमध्ये फाटू लागते. ब्रेक कुठे धरायचा, गिअर एक वर ठेवायचा का, सस्पेन्शन किती मऊ करायचे, कुठल्या वळणाच्या आतल्या बाजूला पाणी साचते, यातले काहीही नकाशावर दिसत नाही आणि ब्रीफिंगमध्ये सांगून कळत नाही. पांढऱ्या झेंड्यावर तिरकी लाल फुली म्हणजे या भागात पावसाचे थेंब आहेत, हे नवख्या मुलांना पुस्तकातून पाठ असते. तो झेंडा पाहून थ्रॉटल किती सोडायचा, हे हाताला सवय झाल्याशिवाय येत नाही.

१५ ऑगस्ट २०२१ ला ऑस्ट्रियात ब्रॅड बाइंडरने पावसात स्लिक टायरवर राहून मोटोजीपीची रेस जिंकली. आमच्या गॅरेजमधली मुले तो व्हिडिओ एकमेकांना पुन्हा पुन्हा दाखवतात. दाखवोत, ती रेस आहेच तशी. पण बाइंडरच्या मागे पावसातल्या किती लॅपची शिदोरी होती, हे त्या व्हिडिओत दिसत नाही. शिवाय मोटोजीपीत २००५ पासून हवामान बदलले तर पिटमध्ये येऊन दुसऱ्या बाइकवर बसता येते. आमच्या बहुतेक वर्गांत रायडरला एकच बाइक मिळते. चूक सुधारायची दुसरी संधी नसते.

आता वेळापत्रकाकडे वळतो. चेन्नईचा मोठा पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबरचा. त्यामुळे जून ते सप्टेंबर हे महिने राउंडसाठी बरे समजले जातात. पण त्याच महिन्यांत तिथे दुपारपर्यंत जमीन तापते, समुद्रावरचा वारा आत शिरतो, ढग उभे राहतात आणि दुपार कलल्यावर गडगडाटासह सर येते, आपल्याकडच्या वळवासारखी. कोइम्बतूरला पालघाटच्या खिंडीतून येणारा वारा आणि येऊन-जाऊन भुरभुर. म्हणजे पाऊस नेमका केव्हा येईल ते सांगता आले नाही, तरी दिवसाच्या कुठल्या भागात तो येण्याचा संभव जास्त, हे ठाऊक आहे. आणि त्याच भागात, राउंडमागून राउंड, नवख्यांचे आणि मुलींचे वर्ग लावले जातात. सकाळची थंड, कोरडी वेळ वरच्या वर्गांची. ज्यांना सरावाची सर्वांत जास्त गरज, त्यांचाच सराव सर्वांत आधी पाण्यात जातो. हे कोणी ठरवून केले असेल असे आम्हाला वाटत नाही. जुन्या वेळापत्रकावर नवी तारीख टाकली जाते आणि क्रम तसाच राहतो.

म्हणून पहिली मागणी हिशेबाची. सरावाची मिनिटे प्रत्येक वर्गाचे देणे माना. क्वालिफायिंगच्या आधी प्रत्येक रायडरला ट्रॅकवर किमान ३० मिनिटे मिळालीच पाहिजेत, आणि सत्र रद्द झाले किंवा लाल झेंड्याने अर्धवट राहिले तर राहिलेली मिनिटे त्या वर्गाच्या नावावर जमा झाली पाहिजेत. रोज संध्याकाळी सूचना फलकावर एक तक्ता लावावा: कुठल्या वर्गाला किती मिनिटे देय होती, किती मिळाली, किती राहिली. राहिलेली मिनिटे दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वांत आधी फेडली जावीत. यासाठी शुक्रवारी आणि शनिवारी प्रत्येकी ४० मिनिटांची राखीव वेळ वेळापत्रकातच छापा. ती कुठून आणायची, असे विचाराल तर पाहुण्यांच्या फेऱ्या, प्रात्यक्षिके आणि लांबलेले बक्षीस समारंभ यांतून. यांतले काहीही सोमवारी आठवत नाही.

दुसरी मागणी क्रमाची. नवख्यांच्या वर्गाचे किमान एक सत्र सकाळी ११ च्या आत असावे, आणि दुपारी पावसाचा इशारा असेल त्या दिवशी त्यांची दोन्ही सत्रे आधी घ्यावीत. वरच्या वर्गांचे रायडर याला आडकाठी करणार नाहीत. त्यांतले काही जण आमचेच सभासद आहेत आणि त्यांनी या पत्रावर सह्या केल्या आहेत.

तिसरी मागणी आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. पाऊस पडतो म्हणून सराव आपोआप रद्द करू नका. रद्द करण्याची कारणे लेखी ठरवा आणि तीच कारणे रेसलाही लावा: ट्रॅकवर साचलेले पाणी, वीज, दिसेनासे होणे, रुग्णवाहिका किंवा डॉक्टर जागेवर नसणे. ट्रॅक नुसता ओला असणे हे रेस थांबवण्याचे कारण नसेल, तर ते सराव थांबवण्याचेही असू शकत नाही. एखाद्या वर्गाला त्या आठवड्यात ओल्यात एकही सत्र मिळाले नसेल आणि रेस ओल्यात होणार असेल, तर रेसआधी १० मिनिटांचा ओला सराव द्यावा. तेवढा वेळ नसेल तर रेसचे लॅप कमी करून तो काढावा. दहा लॅपच्या रेसचे सात झाले तर आमची हरकत नाही. अंतर परिस्थितीप्रमाणे कमी करता येते: सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपीची मुख्य रेस उकाड्यामुळे २४ ऐवजी २१ लॅपची केली होती.

याच मागणीची दुसरी बाजूही सांगतो, म्हणजे आम्ही पावसाला कमी लेखतो असा गैरसमज व्हायला नको. ऑगस्ट २०१८ मध्ये सिल्व्हरस्टोनला शनिवारी सरावाच्या सत्रात जोराची सर आली. स्टो नावाच्या वळणाआधी पाणी साचले आणि तिथे एकामागून एक रायडर पडले. पडलेल्या टिटो राबाटवर मागून घसरत आलेली बाइक आदळली आणि त्याच्या मांडीचे हाड मोडले. रविवारी पावसाचा अंदाज होता म्हणून रेस अलीकडे, साडेअकराला घेण्याचे ठरले, पण पाऊसही लवकर आला. संपूर्ण दिवस वाट पाहून दुपारी उशिरा सगळ्या वर्गांच्या रेस रद्द झाल्या. घड्याळाचे काटे सरकवून तिथे काही साधले नाही, कारण दोष डांबरात होता. त्याच वर्षी टाकलेल्या नव्या थरावरून पाण्याचा निचरा होत नव्हता. पुढच्या वर्षी तो पुन्हा करावा लागला. आमच्यासाठी यातला धडा असा: पाऊस थांबला की सत्र सुरू, ही रीत सोडा. प्रत्येक सरीनंतर क्लर्क ऑफ द कोर्सने गाडीतून एक चक्कर मारावी, पाणी साचणाऱ्या ठरलेल्या जागी उतरून पाहावे आणि त्या जागेवरच्या मार्शलचे म्हणणे ऐकावे. सबंध दिवस एकाच वळणाकडे बघणाऱ्या माणसाला ते वळण रेस कंट्रोलच्या कॅमेऱ्यापेक्षा जास्त कळते. पाणी साचणाऱ्या जागांची यादी राउंडच्या आधी रायडरांनाही द्यावी.

चौथी मागणी निर्णय कोणी, केव्हा आणि कशावरून घ्यायचा याची. आज निर्णय लाउडस्पीकरवरून कळतो, तोही कधी तमिळमध्ये आधी आणि इंग्रजीत मागाहून. भारतीय हवामान विभागाचे चेन्नईचे डॉप्लर रडार २००२ पासून चालू आहे. विभाग पुढच्या तीन तासांचा जिल्हावार अंदाज सर्वांना खुला ठेवतो. रोज सकाळी ७, दुपारी १२ आणि ३ वाजता तो अंदाज पाहून वेळापत्रक पक्के करावे किंवा बदलावे, आणि लेखी बदल पॅडॉकमधल्या एकाच ठरलेल्या फलकावर लावावा. निर्णयात रायडरांचा एक प्रतिनिधी आणि टायर तंत्रज्ञ असावा. कोणतेही सत्र ठरल्या वेळेच्या अलीकडे आणायचे असेल तर ४५ मिनिटांची पूर्वसूचना हवीच. दोन्ही चाके उतरवणे, टायर बसवून आणणे, हवा, मागचे स्प्रॉकेट, सस्पेन्शन, आणि कोरड्यासाठी स्लिक असतील तर वॉर्मरखाली ते आतपर्यंत तापायला लागणारा पाऊण-एक तास. एवढे काम दोन माणसे वीस मिनिटांत करतात तेव्हा टायरचे बाण उलटे बसतात. टायर बसवायचे दुसरे मशीनही आणा. त्याचे भाडे आम्ही प्रवेश शुल्कातून द्यायला तयार आहोत.

अंदाजावर भरवसा ठेवून मोठा बदल करता येतो का, अशी शंका काही जण घेतात. येतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये फिलिप आयलंडला रविवारी सोसाट्याचा वारा आणि पावसाचा अंदाज होता. मोटोजीपीने आदल्या दिवशी जाहीर करून मुख्य रेस शनिवारी घेतली आणि स्प्रिंट रविवारवर ढकलली. रविवारी हवा खरोखरच इतकी बिघडली की स्प्रिंट रद्द करावी लागली. प्रक्षेपणाचे एवढे करार अंगावर असताना त्यांना हे जमते. आपल्याला एका वर्गाचे सत्र दुपारऐवजी सकाळी घेणे जमायला हवे. आइल ऑफ मॅनच्या टीटीत तर एकच लॅप ६० किलोमीटरच्या वर आहे, एका टोकाला ऊन आणि डोंगरावर धुके असते. तिथे हवामानासाठी राखीव वेळ ठेवणे कोणालाच नवे नाही, आणि तरीही २०१२ आणि २०२५ मध्ये सिनियर टीटी सोडून द्यावी लागली. रद्द करणे कधी कधी बरोबरच असते. त्याआधी ती रेस वाचवायला काय काय केले, ते रायडरला दिसले पाहिजे.

पाचवी, ग्रिडची. मोठ्या वर्गाचे दोन गट करून क्वालिफायिंग घेतले आणि पहिला गट कोरड्यात, दुसरा पावसात गेला, तर दोघांच्या वेळा एका यादीत लावणे अन्याय्य आहे. अशा वेळी प्रत्येक गटातला पहिला, मग प्रत्येकातला दुसरा, अशी आलटूनपालटून ग्रिड लावावी. सर्वांत वेगवान रायडरच्या वेळेच्या ठरावीक टक्क्यांत येण्याची अटही गटागटाने तपासावी. शुक्रवारच्या सरावाच्या वेळा मात्र कशातच धरू नयेत. २०२३ च्या मधल्या टप्प्यापासून मोटोजीपीनेही शुक्रवार सकाळचे सत्र हिशेबातून काढले आहे. वेळ मोजली जाते तेव्हा ओल्यात कोणी बाहेरच पडत नाही, सगळे गॅरेजमध्ये बसून आभाळाकडे बघतात. मोजली गेली नाही तर मुले शिकायला बाहेर पडतात. त्याच कारणाने, जिथे टायरच्या संख्येवर मर्यादा आहे तिथे वेट टायर त्या मोजणीत धरू नयेत. रेससाठी टायर वाचवायचा म्हणून सराव सोडायची पाळी कोणावर येऊ नये.

शेवटची मागणी लहान आहे, पण पालकांनी तिचा आग्रह धरला आहे. ट्रॅक आपल्या आवाक्याबाहेरचा वाटला म्हणून ओल्या सत्रातून बाहेर पडणाऱ्या रायडरला कुठलाही दंड नसावा, त्याची मिनिटे जप्त होऊ नयेत, आणि स्पॉन्सर किंवा टीम-मॅनेजरने जबरदस्ती केल्यास ती मंडळाकडे सांगण्याची सोय असावी. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा एकट्याने "नाही" म्हणू शकत नाही. त्याच्या बाजूने नियम हवा.

बुडालेल्या सत्रांचे पैसे आम्ही परत मागत नाही. मिनिटे परत मागतो. ती त्या राउंडमध्ये देणे शक्यच झाले नाही, तर पुढच्या राउंडच्या सरावाच्या दिवशी बिनशुल्क द्यावीत.

पुढच्या मोसमाचे सप्लिमेंटरी रेग्युलेशन्स छापायला जाण्याआधी या मागण्यांवर एक बैठक बोलवावी, तिला रायडर, मेकॅनिक आणि पालक यांचा प्रत्येकी एक प्रतिनिधी बोलवावा, आणि कुठली मागणी मान्य, कुठली अमान्य आणि का, हे लेखी कळवावे. कॉलरबोन मोडलेला मुलगा आता बरा आहे आणि पुढच्या मोसमाचा अर्ज त्याने भरला आहे. बैठकीला रायडरांचा प्रतिनिधी म्हणून तोच येणार आहे.

आपले,
महाराष्ट्रातील रायडर, मेकॅनिक व पालक